जानेवारीतले गुण

ग्लेडहिलांच्या घरी रविवारचं जेवण एकच्या ठोक्याला वाढलं जाई. त्या वेळी जो ताटावर नसेल तो एक तर मेलेला असावा, नाहीतर सामना खेळत असावा, असा बेरिलचा दंडक होता. त्या रविवारी झाडून सगळे वेळेवर आले. शुक्रवारी ब्रॅकनथॉर्प जिंकलं होतं. संघ जिंकला की या घरची माणसं भूक घेऊन येत, हरला की तोंड पाडून येत आणि तरीही तेवढंच खात.

गाव तर पार वेडं झालं होतं. दोन वर्षांपूर्वी खालच्या गटातून वर आलेला रग्बीचा संघ. हंगाम सुरू होताना पेपरवाल्यांनी त्याला यादीत सगळ्यात तळाशी लिहून ठेवलं होतं, आणि गावानेही ते मुकाट्याने मान्य केलं होतं. पण फेब्रुवारीच्या चिखलात पोरं जिंकली, जूनच्या उन्हात जिंकली, आणि सप्टेंबर उजाडला तेव्हा पहिल्या सहांत येऊन बसली. शुक्रवारी बाद फेरीचा पहिला सामना मारला. आता येत्या शनिवारी डोंगरापलीकडच्या लँकेशायरवाल्यांशी उपांत्य सामना. खाण बंद पडल्यापासून गावाला एकत्र रडायची सवय होती, एकत्र हसायची मोडली होती. त्यामुळे लोक जरा अवघडूनच आनंद करत होते. खाटकाने सॉसेजमध्ये क्लबचा निळा रंग घातला. ती विकत सगळ्यांनी घेतली, खाल्ली कुणीच नाहीत.

"कर्टिस कुठाय?" क्लिफने विचारलं.

"गाडी लावतोय," बेरिल म्हणाली.

क्लिफ ग्लेडहिल हा याच क्लबचा एके काळचा प्रॉप, म्हणजे पहिल्या फळीतला दांडगा गडी. चेंडू छातीशी धरायचा, डोकं खाली घालायचं आणि समोरून येणाऱ्या तीन माणसांवर जाऊन आदळायचं, हा त्याचा धंदा. त्याच्या बापाने तेच केलं होतं, आणि आता मुलगा कर्टिस तेच करत होता. या घरात डोकं हे कुदळीसारखं अवजार होतं. कुदळ बोथट झाली म्हणून कुणी डॉक्टरकडे नेत नाही.

"कर्टिस कुठाय गं?" क्लिफने विचारलं.

"गाडी लावतोय," बेरिल म्हणाली, मघाच्याच आवाजात, जणू हा प्रश्न तिला आत्ताच कुणी विचारला होता.

हे तिला आता चांगलं जमत होतं. क्लिफ बोलता बोलता एखाद्या शब्दापाशी अडला की ती तो शब्द पुढे सारी, जेवताना मीठ सारावं तसा. पबमध्ये कुणी जुना गडी भेटला की क्लिफने विचारायच्या आधीच ती म्हणे, "अगं बाई, हा तर आपला नॉर्मन!" लोक म्हणत, क्लिफची बायको फार बोलते. ती म्हणे, म्हणू देत.

कर्टिस आत आला तो काळा चष्मा लावूनच. बाहेर आभाळ धुणं वाळत घालण्याच्या लायकीचंही नव्हतं.

"आले, आले, सिनेमातले आले!" स्टुअर्ट ओरडला. स्टुअर्ट हा जावई, लिंडसीचा नवरा. हा मूळचा शेजारच्या गावचा, म्हणजे शत्रुपक्षाचा. लग्नाआधी क्लिफने त्याला रंग बदलायला लावले होते, आणि नवा भक्त जुन्यापेक्षा मोठ्याने टाळ वाजवतो तशी त्याची गत होती. नगरपालिकेची कचरागाडी चालवायचा. तिच्यावरही त्याने निळा झेंडा लावला होता.

कर्टिसने आईच्या गालाला गाल लावला आणि खिडकीकडे पाठ करून बसला. नेहमीची त्याची खुर्ची समोरची होती. बेरिलने ते पाहिलं. त्याची बायको जेमा त्याच्या मागोमाग आली. गाडीच्या किल्ल्या तिच्या हातात होत्या, हेही बेरिलने पाहिलं.

रिवाजाप्रमाणे आधी नुसतं पुडिंग, म्हणजे भट्टीत फुगवलेली पिठाची बिनगोड वाटी, आणि ग्रेव्ही आली. मांस नंतर, पोट आधी स्वस्तात भरावं ही बेरिलच्या आजीची शिकवण.

"शुक्रवारचं ते मात्र झकास केलंस हां," स्टुअर्ट तोंडात घास घेऊन म्हणाला. "त्यांच्या रांगेत जाऊन उभा राहिलास ते! अख्खं मैदान हसत होतं. त्यांचा कप्तान तुला म्हणतोय, अरे बाबा, तुमची माणसं तिकडे आहेत!"

सगळे हसले. सामना संपायला थोडा अवकाश असताना एका दांडगटाचा खांदा कर्टिसच्या जबड्यावर बसला होता. तो उठला, धूळ झटकली आणि शांतपणे जाऊन विरुद्ध संघाच्या रांगेत उभा राहिला. गावाने तो त्याचा विनोद समजला. ते चित्रण एव्हाना सगळ्यांच्या फोनवर फिरत होतं.

"विनोद नव्हता तो," जेमा म्हणाली.

तिने काटा खाली ठेवला.

"घरी येताना गाडीत मला विचारलं, आपण जिंकलो का? मी सांगितलं, जिंकलो. वाटेत पूल ओलांडला आणि परत विचारलं, आपण जिंकलो का? काल दिवसभर पडदे लावून झोपलाय. दोनदा ओकला."

"अगं, जिंकल्यावर मीही ओकायचो," क्लिफ म्हणाला. "बिअरने."

"त्याने थेंब घेतला नव्हता, क्लिफ."

"तेच चुकलं मग."

पुन्हा हशा झाला. कर्टिसही हसला, पण चष्म्याआडून.

प्रश्न सोमवारचा होता. सोमवारी सकाळी क्लबचा डॉक्टर प्रिचर्ड मार लागलेल्या प्रत्येक गड्याला संगणकापुढे बसवणार होता. दहा शब्द ऐकायचे आणि परत म्हणायचे. आकडे उलटे म्हणायचे. पडद्यावर ठिपका उमटला की बटण दाबायचं. हीच चाचणी जानेवारीत, हंगामाच्या आधी, सगळ्यांची होते. तेव्हा जे गुण पडतात ते त्या माणसाचे नेहमीचे गुण. मार लागल्यावर गुण त्याच्या खाली आले तर गडी बारा दिवस घरी. म्हणजे शनिवार गेला.

हा नियम ज्याने केला तो बहुधा शाळेत पहिला येणारा असावा. परीक्षेला बसलेला माणूस जास्त गुण मिळवायला धडपडतो असा त्याचा समज. ब्रॅकनथॉर्पच्या पोरांनी पहिल्याच वर्षी हिशेब ओळखला. जानेवारीत जितकं मठ्ठ दिसावं, तितका पुढचा हंगाम सुखाचा. मग जानेवारीत तिथे उलटी शर्यत लागे. कुणी 'घोडा' ऐकून 'गाढव' म्हणे, कुणी ठिपक्याकडे बघून जांभई देई. कर्टिसने तर या वर्षी कमाल केली होती. संघात सगळ्यात कमी गुण त्याचे. ईस्टरच्या जेवणाला ही गोष्ट त्याने स्वतःच सांगितली होती, आणि हसता हसता क्लिफच्या नाकातून ग्रेव्ही आली होती.

"म्हणून सांगतो, घाबरायचं काय त्यात?" स्टुअर्ट म्हणाला. "जानेवारीत त्याने एवढी माती खाल्लीय, की उद्या आमचा कुत्रा जरी बसवला तरी पास होईल."

"डॉक्टरला खरं काय ते सांगावं," जेमा म्हणाली. "शुक्रवारपासूनचं सगळं."

"कुणाला? प्रिचर्डला?" स्टुअर्ट म्हणाला. "तो वेल्सचा. पंधरा जणांची रग्बी खेळलेला माणूस, आपली तेरा जणांची नाही. त्याला डोक्यातलं काय कळतंय?"

"जेमाचं बरोबर आहे," लिंडसी म्हणाली. भावजयीची बाजू तिने घेतली म्हणून बेरिलने मान वर केली. या दोघींचं नाताळापासून धड बोलणं नव्हतं. "डोकं आहे बाबा ते. गुडघा नाही."

"तू तीन बसगाड्या ठरवल्यास ना शनिवारच्या?" स्टुअर्टने विचारलं.

"ठरवल्यात."

"भरल्या?"

"भरल्या. चौथी मागताहेत." लिंडसीने बटाटा काट्याने दोनदा उलटा केला. "म्हणजे, मी काय म्हणते, उद्या चाचणी तर आहेच. त्यात काय निघायचं ते निघेल. आपण आत्तापासून कशाला?"

झालं. बाजू बदलायला तिला अर्धा बटाटा लागला. जेमाने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मांस झालं, रुबार्बच्या आंबट देठांचा गोड पदार्थ आला, आणि स्टुअर्टने फोन काढला. "तालीम करू या. इथे तसलेच शब्द आहेत. कर्टिस, ऐक हां. साबण, कुंपण, घोडा, लिंबू, टोपी, पूल, मेणबत्ती, चमचा, ढग, दोरी. म्हण."

"जेवू दे रे," जेमा म्हणाली.

"असू दे, म्हणतो." कर्टिस ताठ बसला. शाळेत फळ्यासमोर उभा राहायचा तसा. "साबण. कुंपण. घोडा."

मग थांबला. त्याची जीभ वरच्या दातांवरून फिरली. बेरिलला तो चेहरा ओळखीचा होता. रोज सकाळी चहाच्या कपापलीकडे तो तिला दिसे. आणि तिचे ओठ आपसूक हलले, आवाज न करता. लिंबू.

"लिंबू," कर्टिस म्हणाला.

टोपी, तिने ओठांनी सांगितलं.

"टोपी!"

"शाबास!" स्टुअर्टने टेबल ठोकलं. "पाच! जानेवारीत किती होते?"

"चार," कर्टिस म्हणाला.

"बघ! वर गेला की पठ्ठ्या! डोक्यावर मार बसल्याने सुधारलाय!"

"मला विचार, मला विचार," क्लिफ म्हणाला. स्टुअर्टने परत वाचलं. "साबण," क्लिफ ठणकावून म्हणाला आणि मग लीड्सच्या मैदानावरच्या जुन्या न्हाणीघरात कुणीतरी कुणाच्यातरी साबणात नाल ठोकायचा खिळा घातला होता ती गोष्ट सांगू लागला. गोष्ट चांगली होती. सगळ्यांना पाठ होती. ज्याने खिळा घातला त्याचं नाव येईना, तेव्हा बेरिल म्हणाली, "वॉल्टर," आणि गोष्ट पुढे गेली.

जेमा तिच्याकडे बघत होती. क्लिफकडे नाही, कर्टिसकडेही नाही.

स्वयंपाकघरात भांडी घेऊन आल्यावर तिने दार लोटलं. "बेरिल, तुम्ही त्याला शब्द सांगत होता."

"सवय आहे गं."

"माहीत आहे मला. पाच वर्षं बघतेय." जेमाने आपला फोन ओट्यावर, साबणाच्या डबीशेजारी ठेवला. "यात प्रिचर्डचा नंबर आहे. मी फोन केला तर उद्या कर्टिस म्हणेल, बायकोने पाय ओढला. शनिवारी संघ हरला तर सगळं गाव म्हणेल. मला इथेच राहायचंय, इथेच दुकानात जायचंय. तुम्ही केला तर..."

"तर काय? मला काय गावात राहायचं नाही?"

"तुम्ही आई आहात. आईला लोक शिव्या देतात, पण दुकानात पाव देतात."

बेरिलने गरम पाणी सोडलं. "आपलेच दात आणि आपलेच ओठ, जेमा. त्याचा शेवटचा हंगाम आहे. त्यालाही ठाऊक आहे, क्लबलाही ठाऊक आहे, फक्त आधी कुणी बोलायचं यावर अडलंय. आणि असे सामने या गावाच्या नशिबात पुन्हा कधी? उद्या चाचणी आहे ना. नापास झाला तर झाला."

"तो पास होईल," जेमा म्हणाली. "तेच तर." आणि फोन तिथेच ठेवून गेली.

कर्टिस आला तो फडकं खांद्यावर टाकून. लहानपणापासून भांडी पुसायचं काम त्याचं. एवढा थोरला गडी, दारातून तिरका होऊन यायचा, पण चिनी मातीचा कप असा पुसायचा की आत काही जिवंत असावं. चष्मा त्याने काढून ठेवला होता. स्वयंपाकघराला उत्तरेची खिडकी, उजेड मऊ.

मग बेरिलच्या ध्यानात आलं की तो एकच बशी पुसतोय. पुसली, ठेवली, उचलली, पुसली.

"एक बरं केलंस," ती काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाली. "जानेवारीत अक्कल चालवलीस ते."

कर्टिसने बशी ठेवली.

"आई, जानेवारीत मी मुद्दाम काही केलं नव्हतं."

"म्हणजे?"

"म्हणजे दिली चाचणी. नीट. मन लावून." तो खिडकीबाहेर बघत होता. "मला वाटलं, आपण यंदा लबाडी नको करू या. वय झालंय, बघू तरी कसं आहे ते. शब्द संपले आणि मी म्हणायला लागलो, तर चार आले. बाकीचे होते कुठेतरी. पण हाताला लागेनात."

नळ चालूच होता. बेरिलने तो बंद केला नाही.

"डॉक्टर काय म्हणाला?"

"हसला. म्हणाला, ग्लेडहिल, ढोंगालाही काही मर्यादा असते, एवढे कमी कुणी दाखवत नाही. बाहेर आलो तर पोरं आपापले गुण सांगत होती. माझे सगळ्यांत कमी. त्यांनी मला खांद्यावर घेतलं, आई. खरंच घेतलं. मग मीही हसलो. काय करणार होतो?"

"आणि ईस्टरला?"

"तेव्हा सगळे एवढे हसलात, की मलाच वाटलं, केलंही असेल मुद्दाम." त्याने फडकं घडी घालून ओट्यावर ठेवलं. "एकच सामना गं. जिंकलो तर दोन. मग संपलं. जेमाला बोलू नकोस."

तो बाहेर गेला. ती पुसलेली बशी ओल्या बशांवर ठेवून गेला होता.

बेरिल हात पुसत बाहेर आली तेव्हा स्टुअर्ट नवे दहा शब्द शोधत होता आणि क्लिफ मुलाला युक्ती शिकवत होता. आपल्या वेळी म्हणे ट्रेनर पाण्याचा स्पंज तोंडावर पिळायचा आणि विचारायचा, आज वार कोणता? क्लिफचं उत्तर ठरलेलं: सामन्याचा. "ते काय कधी चुकत नाही," क्लिफ म्हणाला. "सामना चाललाय म्हटल्यावर दुसरा वार असेल कसा?"

"जानेवारीत त्याने ढोंग केलं नव्हतं," बेरिल म्हणाली. उभ्यानेच. "ते चार खरे होते."

कर्टिसने डोळे मिटले. जेमाचा हात तोंडावर गेला. तिला हे माहीत नव्हतं, हे त्या हातावरूनच कळलं. स्टुअर्टने फोन टेबलावर पालथा घातला, जणू त्यातल्या शब्दांनीच घोटाळा केला होता. "म्हणजे पोरं हसली..." लिंडसी म्हणाली आणि तिने वाक्य अर्ध्यावर सोडलं.

बोलला तो क्लिफ. कपाळाला आठ्या घालून, सावकाश, पण एकही शब्द न अडखळता. एवढं सलग तो महिन्याभरात बोलला नव्हता.

"मग बरंच झालं की! जानेवारीला चार होते. उद्या चार आणायचे. ढोंग केलं असतं तर नेमके तेवढेच आणायला डोकं लागतं. याला काय करायचंच नाही. जसा आहे तसा जाऊन बसायचं, पास!"

आणि हे बरोबर होतं. नियमात ते तंतोतंत बसत होतं. टेबलाभोवती एकालाही त्यात खोट काढता आली नाही. बेरिलला वाटलं, आपल्या नवऱ्याच्या डोक्यात जे काही शिल्लक राहिलं होतं ते आज सगळं याच कामी लागलं.

ती स्वयंपाकघरात गेली आणि जेमाचा फोन घेऊन परत आली. आत उभं राहून बोलणं सोपं होतं. पण मग बाहेर येऊन सांगावं लागलं असतं, आणि तेवढं बळ दोनदा येईल याची तिला खात्री नव्हती.

"बेरिल ग्लेडहिल बोलतेय. कर्टिसची आई. जेवताय का? जेवा, मी थोडक्यात सांगते."

"आई, ठेव तो," कर्टिस म्हणाला.

तिने सांगितलं. काळा चष्मा, दोनदा विचारलेला प्रश्न, उलट्या. मग जानेवारी. पलीकडून डॉक्टर हसल्याचं टेबलावर सगळ्यांना ऐकू आलं. "मिसेस ग्लेडहिल, तुमचा लेक तेव्हा माझी मस्करी करत होता हो. सगळेच करतात."

"बाकीचे करत असतील. हा करत नव्हता."

"तुम्हाला कसं माहीत?"

"डॉक्टर, माझा नवराही करत नाही," बेरिल म्हणाली.

डॉक्टरचं हसणं थांबलं. मग डॉक्टर वेगळ्याच आवाजात काही काही बोलला. शहरातल्या मोठ्या इस्पितळातला तज्ज्ञ, मंगळवारची वेळ, तोवर गाडी चालवायची नाही, पळायचं नाही, शनिवारचा तर प्रश्नच नाही. ती "हो, हो" म्हणत राहिली.

फोन ठेवल्यावर कर्टिस उठला. "मला विचारायचंस तरी."

"विचारलं असतं तर तू नको म्हणाला असतास."

"मग?"

"मग मला ऐकावं लागलं असतं. तू माझा लाडका आहेस."

तो कोट घालू लागला. एका बाहीत हात जाईना. जेमा मदतीला गेली तर त्याने तिचा हात झिडकारला, मग थोड्या वेळाने घालू दिला. जाताना त्याने आईच्या गालाला गाल लावला नाही.

"बसगाड्यांचं काय करू?" लिंडसी रडवेली होऊन म्हणाली. "लोक काय म्हणतील?"

"तो काय तुझ्या बसने जाणार होता?" बेरिल म्हणाली. "गाड्या आहेत तशा जाऊ देत."

लिंडसी ओट्यापाशी जाऊन राहिलेली भांडी धुऊ लागली. लग्नानंतर या घरात तिने पहिल्यांदाच न सांगता भांडी धुतली. स्टुअर्ट बायकोचा कोट हातात धरून दारात उभा राहिला. अशा वेळी जावयाने काय करायचं असतं, हे त्याला त्याच्या गावातही कुणी शिकवलं नव्हतं.

क्लिफ मात्र पेटला. उठला आणि टेबलावर मूठ आपटून म्हणाला, या घरात तीन पिढ्या कुणी मैदानातून स्वतःच्या पायांनी बाहेर आला नाही, उचलून आणावं लागलं. तू माझ्या पोराला घरात बसून बाद केलंस. बायको असून लँकेशायरवाल्यांना फितूर झालीस. मग बागेत गेला आणि कांद्याच्या वाफ्याजवळ उभा राहिला.

सगळे गेले. बेरिलने चहा टाकला. क्लिफ आत आला, हात चोळत, प्रसन्न चेहऱ्याने.

"शनिवारी आपला पोरगा सुरुवातीपासून खेळणार की बाकावर?"

'सुरुवातीपासून' म्हणायला काय जात होतं? तो चहा प्यायला असता, खूश झाला असता, आणि पाच मिनिटांत तेही विसरला असता. तिने ओठ उघडलेही.

"खेळणार नाही," ती म्हणाली. "मी डॉक्टरला फोन केला."

क्लिफने मूठ आपटली. तीन पिढ्या, उचलून आणणं, लँकेशायरवाले. तेच शब्द, त्याच क्रमाने, आणि राग अगदी ताजा. तो बागेत गेला. तिने त्याचा चहा बशीने झाकून ठेवला.

बाहेर अजून उजेड होता. पलीकडच्या गल्लीत कुणीतरी क्लबचं गाणं म्हणत चाललं होतं, वरच्या पट्टीत फाटणाऱ्या आवाजात. क्लिफ परत आला, खुर्चीत बसला, बशी उचलली, वाफ गेलेल्या चहाकडे पाहिलं.

"शनिवारी पोरगा खेळतोय ना गं?"

"नाही. त्याच्या डोक्याला मार लागलाय. मी डॉक्टरला फोन करून सांगितलं."

ती मुठीची वाट बघत थांबली. मूठ आली नाही. क्लिफ तिच्याकडे बघत होता, नीट, ओळख पटल्यासारखा. त्याचा हात वर गेला आणि त्याने आपल्याच कपाळाच्या कडेला, जिथे जुन्या टाक्यांची रेघ होती तिथे, दोन बोटं ठेवली.

"मग माझ्या वेळी का नाही केलास?"

बेरिलने त्याचा गार चहा ओतून टाकला, नवा ओतला, दूध घातलं, ढवळला. तो वाट बघत होता. या वेळी विसरत नव्हता.

"तेव्हा तुमचा संघ जिंकत होता," ती म्हणाली.

"हो," क्लिफ म्हणाला, आणि त्याचं समाधान झालं. "तेव्हा आम्ही फार जिंकायचो."